‘राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया ॲनिमिक’ : हा आकडा संशोधक म्हणून कसा वाचायचा?



पेटची तयारी करणारे आणि नुकतंच रजिस्ट्रेशन झालेले बरेच जण सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. जीवशास्त्र, बायोकेमिस्ट्री, गृहविज्ञान, पोषणशास्त्र, कुठलाही विषय असो, दर चार-पाच सिनॉप्सिसमध्ये एक तरी रक्तक्षयावर असते. पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं : ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ५४.२ टक्के महिला ॲनिमियाग्रस्त आहेत.’ दुसरं वाक्य : ‘याचे मुख्य कारण लोहाची कमतरता आहे.’ तिसऱ्या वाक्यात लोहाच्या गोळ्या येतात, आणि मग आदिवासी मुलींमध्ये ‘जागृतीचा अभाव’.

पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं त्याच्यातून निघत नाही. आणि तिसरं तर दुसऱ्याच्या जिवावर उभं आहे. आज आपण या तीन वाक्यांची चिकित्सा करू. माझा रोख एनएफएचएस-५ या पाहणीतल्या रक्तक्षयाच्या आकड्यांवर आहे, आणि त्याहून जास्त आपण ते कसे वापरतो यावर.

आधी आकडे नीट मांडू

ही पाहणी मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. महाराष्ट्रातलं फील्डवर्क २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी झालं. राज्याच्या फॅक्टशीटमध्ये रक्तक्षयाच्या ओळी अशा आहेत. ६ ते ५९ महिन्यांची मुलं : आधीच्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के, आता ६८.९. १५ ते ४९ वयाच्या सगळ्या स्त्रिया : ४८.० वरून ५४.२. त्याच वयाचे पुरुष : १७.६ वरून २१.९. आणि गरोदर स्त्रिया : ४९.३ वरून ४५.७.

शेवटची ओळ परत वाचा. सगळ्यांचं वाढलं आणि गरोदर स्त्रियांचं कमी झालं! सिनॉप्सिसमध्ये ही ओळ बहुतेक वेळा गाळलेली असते, कारण ती गोष्टीत बसत नाही. संशोधकाने नेमकी न बसणारी ओळ आधी पकडायची असते. याची शक्य स्पष्टीकरणं तीन. एक, गरोदरपणात गोळ्या मिळतात, तपासणी होते, त्यामुळे खरंच सुधारणा झाली. दोन, पाहणीच्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांची संख्या इतर गटांपेक्षा खूपच लहान असते, त्यामुळे तीन-चार टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. तीन, दोन्हींचं मिश्रण. फॅक्टशीटवरून यातलं एक निवडता येत नाही. तरीही आपण ‘गरोदर महिलांत सुधारणा’ किंवा ‘राज्यात स्थिती बिघडली’ यातलं आपल्याला हवं ते वाक्य उचलतो.

मोजलं काय, आणि कशाने?

पाहणीत रक्तक्षय मोजला गेलेला नाही, हिमोग्लोबिन मोजलं गेलंय. बोटाला (लहान बाळांच्या टाचेला) टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, तो हिमोक्यू नावाच्या छोट्या यंत्रात टाकायचा आणि आकडा लिहायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर ‘ॲनिमिक’. गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर, गरोदर स्त्रीला ११, पुरुषाला १३, पाच वर्षांखालच्या बाळाला ११.

दारोदार जाऊन लाखो लोकांचं रक्त तपासायचं तर ही पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. पण बोटाचं रक्त आणि शिरेतलं रक्त एकसारखं वागत नाही. थेंब नीट आला नाही की माणूस बोट दाबतो. दाबलं की रक्तात पेशींभोवतालचा द्रव मिसळतो, आणि हिमोग्लोबिन पातळ दिसतं. पहिला थेंब पुसला की नाही, हात गार होता का, क्युव्हेट किती वेळ उघडी राहिली, सगळ्याचा परिणाम होतो.

‘अर्ध्या ग्रॅमने काय बिघडतं?’ असं वाटत असेल तर हे गणित करून बघा. समजा एका काल्पनिक गावात स्त्रियांचं सरासरी हिमोग्लोबिन १२ आहे आणि प्रमाण विचलन १.५. मर्यादाही १२. म्हणजे रक्तक्षय ५० टक्के. आता यंत्र प्रत्येक वेळी फक्त अर्धा ग्रॅम कमी दाखवतंय असं धरा. रक्तक्षय थेट ६३ टक्के! गावातल्या कुणाच्याही रक्तात काही बदललं नाही, तरी तेरा टक्के बायका ‘आजारी’ झाल्या. कारण मर्यादेच्या आसपास गर्दी असते, आणि गर्दीत रेघ थोडी सरकली तरी खूप माणसं इकडून तिकडे जातात.

यंत्र कधी जास्त कधी कमी दाखवतं, सरासरीने बरोबर आहे, तरी सुटका नाही. सरासरी १३ आणि विचलन १.२ असलेल्या गटात १२ च्या खाली साधारण २० टक्के लोक येतात. त्यात ०.९ विचलनाची निव्वळ यादृच्छिक चूक मिसळली की एकूण विचलन १.५ होतं आणि आकडा २५ टक्क्यांवर जातो. ‘चुका एकमेकींना कापतात’ हे सरासरीबद्दल खरं आहे, टक्केवारीबद्दल नाही. व्हायवाला हे वाक्य उपयोगी पडेल, लिहून ठेवा.

दुसऱ्या पाहणीशी ताडून बघू

याच सुमाराला, २०१६ ते २०१८ मध्ये, देशात समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं. त्यात मुलांचं रक्त शिरेतून घेतलं आणि प्रयोगशाळेतल्या स्वयंचलित यंत्रावर तपासलं. १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय आला ४१ टक्के. एनएफएचएस-४ चा देशाचा आकडा होता ५८.६ आणि एनएफएचएस-५ चा ६७.१.

इथे लगेच ‘एनएफएचएस खोटी’ म्हणू नका. दोन्हींचे वयोगट वेगळे आहेत. एनएफएचएसमध्ये ६ ते ११ महिन्यांची बाळं आहेत, दुसऱ्या सर्वेक्षणाच्या या आकड्यात नाहीत, आणि वरचं खाणं नुकतंच सुरू झालेल्या बाळांत रक्तक्षय जास्तच असतो. पण एवढ्याने १७ ते २६ टक्क्यांची दरी भरून निघणं अवघड आहे. पद्धतीचा वाटा नक्की आहे.

आता उलट बाजूनेही विचार करा. एनएफएचएसच्या दोन्ही फेऱ्यांत बोटाचंच रक्त आणि त्याच जातीचं यंत्र होतं. मग नुसत्या पद्धतीला दोष देऊन ५३.८ ते ६८.९ ही वाढ कशी समजावणार? प्रशिक्षण, नमुना घेणारी माणसं, ऋतू यात फरक पडला असेल, किंवा मुलांची स्थिती खरंच बिघडली असेल. म्हणजे ‘पातळी फुगलेली आहे’ आणि ‘वाढ खोटी आहे’ हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्याला चांगला पुरावा आहे. दुसऱ्याला तेवढा नाही. वर्तमानपत्रांतल्या चर्चेत या दोघांची सर्रास खिचडी झाली.

पुढे सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणीच वगळली गेली आणि हे काम आहार व जैवसूचकांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे, शिरेतल्या रक्तावर, सोपवायचं ठरलं. शास्त्रीयदृष्ट्या शिरेतलं रक्त चांगलंच. पण जुन्या पद्धतीची एक तरी फेरी सोबत चालवली असती तर जुने आणि नवे आकडे जोडणारा पूल मिळाला असता. पट्टी बदलताना काही दिवस दोन्ही पट्ट्या वापरायच्या, हे आपण प्रॅक्टिकलच्या पहिल्या वर्षात शिकतो. इथे मालिकाच तुटली.

मर्यादा कोणाची?

१२ आणि ११ हे आकडे १९६८ पासून चालत आले. २०२१ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये सचदेव आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी वरच्याच पोषण सर्वेक्षणातली निरोगी भारतीय मुलं निवडली, ज्यांना लोह, फोलेट, बी-१२ यांची कमतरता नाही, सूज नाही, हिमोग्लोबिनचा दोष नाही. या मुलांवरून नवी मर्यादा काढली. ती जागतिक मर्यादेपेक्षा बहुतेक वयांत १ ते २ ग्रॅमने खाली आली. परिणाम? १ ते १९ वयोगटातला रक्तक्षय ३० टक्क्यांवरून १०.८ वर!

हा निबंध मुळातून वाचा, पद्धत शिकण्यासारखी आहे. पण त्यावरही प्रश्न विचारा. ज्या समाजात पिढ्यान् पिढ्या आहार अपुरा आहे, तिथे ‘कमतरता नाही’ अशी मुलं निवडली तरी ती खरोखर पूर्ण क्षमतेने वाढलेली आहेत का? फेरिटिन एका रेषेच्या वर आहे म्हणजे लोह भरपूर, असं म्हणता येईल का? आणि सर्वात महत्त्वाचं : मर्यादेखाली गेल्यावर मुलाचं काय बिघडतं, अभ्यास, वाढ, संसर्ग, याच्याशी ती रेघ जोडली आहे का? नुसत्या वितरणाच्या पाचव्या टक्क्यावर रेघ मारणं ही सोय आहे. ती आजाराची व्याख्या नाही. ‘भारतात ॲनिमिया फारसा नाहीच’ असं यातून म्हणणारे लोक ‘सगळेच ॲनिमिक’ म्हणणाऱ्यांइतकीच घाई करतात.

नाशिककरांसाठी एक खास गंमत. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक तत्त्वं बदलली. ६ ते २३ महिन्यांच्या बाळांची आणि गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांची मर्यादा १०.५ केली, शिरेतल्या रक्ताची शिफारस केली, आणि उंचीची दुरुस्ती पूर्वी १००० मीटरपासून होती ती ५०० मीटरपासून सुरू केली. ५०० ते ९९९ मीटरला ०.४ ग्रॅम. आपलं नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे! म्हणजे काल ज्या स्त्रीची मर्यादा १२ होती तिची आज १२.४ झाली. वरच्या काल्पनिक गावाला ही दुरुस्ती लावा : ५० टक्क्यांचे ६० होतात. तुम्ही थिसिसमध्ये जुनी तत्त्वं वापरली की नवी, उंची धरली की नाही, हे लिहिलं नाही तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्याही आकड्याशी ताडता येणार नाही.

खरी अडचण : कारण कुठे आहे?

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. हिमोग्लोबिन कमी होण्याच्या वाटा मुळात तीन. तांबड्या पेशी कमी बनतात, लवकर फुटतात, किंवा रक्त बाहेर जातं. लोह, फोलेट, बी-१२ ची कमतरता, मूत्रपिंडाचा जुना आजार, दीर्घ संसर्ग, अस्थिमज्जेचे विकार हे पहिल्या वाटेवर. सिकलसेल, थॅलेसेमिया, जी-६-पीडीची कमतरता दुसऱ्या वाटेवर (थॅलेसेमियात पेशी नीट बनतही नाहीत). पाळीत जास्त जाणारं रक्त, बाळंतपण, आकडेकृमी, मूळव्याध तिसऱ्या.

थकवा, धाप, छातीत धडधड, पापणीच्या आतला फिकेपणा ही लक्षणं सगळ्यांत सारखी. पण नीट विचारलं तर खुणा सापडतात. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं लोहाकडे बोट दाखवतं. हातापायाला मुंग्या आणि जीभ गुळगुळीत लाल होणं बी-१२ कडे. डोळे पिवळसर आणि लघवी गडद असेल तर पेशी फुटत असाव्यात. हाडं-सांधे असह्य दुखण्याचे झटके, लहानपणी हातापायाच्या बोटांना सूज, वारंवार ताप असेल तर सिकलसेल तपासलाच पाहिजे.

उपचार कारणाप्रमाणे बदलतात. लोह कमी असेल तर लोह, आणि रक्त का जातंय याचा शोध. बी-१२ कमी असेल तर बी-१२. तिथे नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सीयुरिया, लसीकरण, लहान वयात पेनिसिलिन, गरज पडली तर रक्त. बीटा थॅलेसेमिया मेजरमध्ये नियमित रक्त आणि साचलेलं लोह बाहेर काढणारी औषधं. म्हणजे एका रक्तक्षयात जे द्यायचं तेच दुसऱ्यात काढायचं! थॅलेसेमियाच्या वाहकाला सहसा कशाचीच गरज नसते. पेशी लहान, हिमोग्लोबिन जरा कमी, फेरिटिन व्यवस्थित. गोळ्या वर्षभर घेतल्या तरी आकडा हलत नाही, आणि आरोग्यसेविका म्हणते, ‘ताई, तुम्ही गोळ्या खातच नाही.’

इथेच खरं नुकसान आहे. एनएफएचएस-५ च्या रक्तक्षयाच्या ओळींत यातलं एकही कारण नाही. नसणारच, तिचं ते कामही नव्हतं. पण आपण तिच्या ५४.२ च्या शेजारी ‘लोह’ लिहून टाकतो. पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांमध्ये लोहाची कमतरता २२ टक्के, फोलेटची ३७ आणि बी-१२ ची ३१ टक्के आढळली होती. लोह मोठं कारण आहेच, त्याला कमी लेखायचं नाही. पण एकटं लोह, असं हे आकडे सांगत नाहीत.

नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत हे झालं होतं

ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरणीकामगार वस्त्यांतल्या गरोदर बायका तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. तिने हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना आधी पेशींचा आकार पाहिला. पेशी मोठ्या होत्या, म्हणजे हा लोहाचा रक्तक्षय नव्हे. मग तिने आहार ताडून पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले, यकृताचा अर्क आणि यीस्टचा अर्क यांचा परिणाम तपासला. मार्माइट या स्वस्त यीस्ट अर्काने बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध आला. अर्कातला तो अज्ञात ‘विल्स घटक’ म्हणजे आज आपण ज्याला फोलेट म्हणतो तो.

तिच्याकडे फेरिटिन नव्हतं, एचपीएलसी नव्हतं. सूक्ष्मदर्शक होता आणि एक प्रश्न होता : ‘किती जणींना?’ याच्या पुढचा, ‘कोणता?’ आज सेल काउंटर तालुक्याच्या खासगी लॅबमध्येही असतो आणि पेशीचा आकार प्रत्येक सीबीसी रिपोर्टवर छापलेला असतो. तरी आपल्या सिनॉप्सिसमध्ये तो कॉलम नसतो.

नाशिकपुरतं बोलायचं तर

जिल्ह्याची एक टक्केवारी घेऊन काम सुरू करू नका. एकाच जिल्ह्यात निफाडच्या द्राक्षबागा आहेत, मालेगावचे यंत्रमाग आहेत, आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवणचे आदिवासी पट्टे आहेत. सरासरी यातल्या कुणाचीच नसते. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल या समाजांतही सिकलसेलचं प्रमाण सारखं नाही. ‘आदिवासी’ असा एकच गट करून टक्केवारी काढली तर ती निरर्थक ठरते. सिंधी, लोहाणा अशा समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, त्यामुळे प्रश्न फक्त डोंगराळ भागाचाही नाही.

सिकलसेलबद्दल एक गैरसमज काढून टाका. वाहकाला, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेल्याला, त्या दोषामुळे रक्तक्षय होत नाही. वाहक मुलीचं हिमोग्लोबिन ९ असेल तर दुसरं कारण शोधा. आणि सोल्युबिलिटी चाचणी वाहक व रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. देशात १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य आहे. पण तपासणीचा आकडा वाढवणं सोपं आहे, निदानानंतर औषध आणि समुपदेशन देत राहणं अवघड.

मग तुम्ही काय करायचं?

मोठा प्रकल्प नको. लहान नमुना चालेल, पण या गोष्टी असू द्या.

१. शिरेतलं रक्त, सेल काउंटर. हिमोग्लोबिनसोबत पेशीचा आकार आणि आरडीडब्ल्यू.

२. फेरिटिनसोबत सीआरपी. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वर जातं आणि लोहाची कमतरता झाकली जाते.

३. बी-१२ आणि फोलेट. बजेट नसेल तर निदान रक्तक्षय असलेल्यांच्या उपगटात.

४. एचपीएलसी, आणि अलीकडे रक्त चढवलंय का हा प्रश्न. दुसऱ्याचं रक्त अंगात असेल तर रिपोर्ट फसवा येतो.

५. मर्यादा कोणती, कोणत्या वर्षीची, उंचीची दुरुस्ती केली का, हे एका ओळीत.

६. एथिक्सच्या अर्जात लिहा : एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन ६.५ निघालं तर त्याच दिवशी तुम्ही तिला कुठे नेणार? आणि ती वाहक निघाली तर ते कोणाला, कोणत्या शब्दांत सांगणार? गावात ‘हिच्या रक्तात दोष आहे’ एवढं पसरलं तरी लग्न मोडतं. नमुना घेऊन निघून येणाऱ्या संशोधकाला हा खर्च दिसत नाही, तो मुलीच्या घरात राहतो.

शेवटी माझं मत

एनएफएचएस ही आपल्याकडची फार मोलाची पाहणी आहे. नमुना निवड शिस्तीची, विदा सर्वांना खुली. रक्तक्षयाची पातळी ती बहुधा जास्त दाखवते, पण कोणत्या गटाकडे आधी बघायला हवं हे ती व्यवस्थित सांगते. कारण सांगण्याची जबाबदारी तिची नव्हतीच; ती आपण आळसाने तिच्यावर टाकली. ॲनिमियामुक्त भारत मोहिमेतली निळी गोळी शाळेतल्या बहुसंख्य मुलींच्या फायद्याचीच आहे, ती बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. पण गोळी घेऊनही जिचा आकडा हलत नाही, तिच्यासाठी पुढचा रस्ता कुठल्या तक्त्यात आहे का? ती मुलगी आज ‘गोळ्या न खाणारी’ म्हणून मोजली जाते. तिला शोधणं हा पीएचडीचा विषय होऊ शकतो, आणि ‘जागृतीचा अभाव’पेक्षा नक्कीच चांगला.

तुमच्या सिनॉप्सिसचं दुसरं वाक्य आज परत वाचा. तिथे ‘मुख्य कारण लोहाची कमतरता आहे’ असं असेल तर ते खोडून प्रश्नचिन्हासह लिहा. तुमचा संशोधन प्रश्न तिथूनच सुरू होतो.

शंका असतील तर नक्की विचारा. पुढच्या लेखात फेरिटिन आणि सीआरपी एकत्र कसे वाचायचे, ते उदाहरणं सोडवून बघू.